दोन जपानी गाड्यांतली एक

मिस्त्रींकडे चाळीस वर्षांच्या दोन जपानी गाड्या होत्या, पांढरी टोयोटा आणि लाल होंडा. शेड महिनाअखेर सोडायची होती आणि घरापुढे एकच गाडी मावत होती. शौकीन विचारत, "सरस कुठली?"

"टोयोटा गरीब गाय. चालू आहे की बंद, कळत नाही. होंडा तोंडाळ, पण वळणावर तिची सर कुणाला नाही. ठेवणार मी टोयोटाच."

"तोंडाळ एक आहेच ना घरात," बायको हसायची.

गिऱ्हाईक होंडा न्यायला आलं, त्या दिवशी मिस्त्रींनी शेवटचं म्हणून दोन्ही गाड्या तपासल्या. नेहमीसारखं पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवून त्यांनी मूठ कानाला लावली. टोयोटातून काहीच ऐकू येईना.

"बंद पडली वाटतं."

"अहो, चालू आहे की! हात लावून बघा," बायको म्हणाली.

बॉनेट हाताखाली थरथरत होतं. मग होंडा चालू केली. तिचा ठोका न् ठोका कानात उतरला. देवाने एवढं तरी ठेवलंय, म्हणत त्यांनी मनोमन हात जोडले.

"पांढरी न्या," ते गिऱ्हाइकाला म्हणाले. "चांगली तीच आहे. पण ही मला अजून ऐकू येते."

सहा महिने "तुमचं लक्षच नसतं" म्हणून चिडणाऱ्या बायकोनेच पांढऱ्या गाडीची किल्ली आणून दिली.