साहेबांनी न दिलेला शब्द

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला माझे सगळे दोष तोंडपाठ आहेत, हळदीकुंकवाला तिळगुळासोबत ती ते वाटते. हा एक तेवढा तिच्या डब्यात नाही.

मी डोंबिवलीचा, आमच्या पक्षाचा शहरातला पदाधिकारी. पक्षाचं नाव नको — तुम्हाला जो वाटतो तोच धरा, फार चुकणार नाही. पद म्हणजे काय, तर बॅनरवर खालच्या रांगेतला अगदी कडेचा फोटो. वारा सुटला की पहिला मी फाटतो. घरात मात्र मी नेता. “नेते, गॅस संपलाय!”

निवडणुकीआधी वरून हुकूम आला. कल्याणला हॉल घेतलाय, साहेब सामान्य मतदारांशी थेट संवाद साधणार, सामान्य मतदार आणा. आता आणायचे कुठून? खरं सांगू का — आमच्यापैकी कुणाच्याच ओळखीचा एकही उरला नव्हता. आम्ही आपले एकमेकांना हार घालत होतो, एकमेकांच्या वाढदिवसाचे केक तलवारीने कापत होतो, आणि त्याला जनसंपर्क म्हणत होतो. मग मी नातेवाईक जमवले. मावशी झाली गृहिणी. मेहुणा बँकेत आहे, पण खाकी शर्टात रिक्षावाला शोभला. साडू झाला त्रस्त ज्येष्ठ नागरिक. तो जन्मापासून त्रस्तच, त्याला वेगळं शिकवावं लागलं नाही. मावशीने पढवलेला प्रश्न विचारला, “साहेब, एवढं काम करता, तुम्ही थकत कसे नाही हो?” आणि साहेब — हळवे झाले! चष्मा काढून पुसला. जनता आपल्यावर किती प्रेम करते, हे त्यांना माझ्या मावशीकडून कळलं.

हसलात ना? लग्नाकार्यात मी ही गोष्ट इथवर रंगवून सांगतो. इथेच थांबतो.

त्या दिवशी हॉलच्या दाराशी रंजनाताई आलेली. कल्याणजवळच्या मोहने गावची. मी वाढलो त्या चाळीतली, आमच्या शेजारची — आई कामावर गेली की तिच्याकडे जेवलेलो मी. साहेब लोकांचं ऐकायला येणार, असं तिने कुठेतरी वाचलं आणि खरं मानलं. कार्यक्रमाला नेसायची पांढरी साडी नेसून आलेली.

“जय भीम, दिनू. मला एकच बोलायचंय.”

चाळीतल्या बायकांच्या संडासाची दारं कधीचीच निखळलेली. एक आत गेली की दुसरीने बाहेर पत्रा धरून उभं राहायचं. “नात मोठी झाली रे आता. लाजते. दिवसभर पाणीच पीत नाही ती.”

आणि मी काय केलं? म्हटलं, ताई, बाहेर बस, तुझी पाळी आली की बोलावतो. खुर्ची दिली. चहा दिला — त्यात मी कमी पडत नाही. मग आत जाऊन दाराला कडी घातली. संडासाच्या दाराचा प्रश्न साहेबांच्या हळवेपणात बसला नसता. आत मावशी जनता होती. जनता बाहेर चहा पीत होती.

साहेब मागच्या दाराने गेले. मी कडी काढली, तशी रंजनाताई उठून आत आली. “मला बोलावलंच नाहीस? मग तू तरी सांगितलंस का रे?”

इथे खरं बोलता आलं असतं. कुणाची भीती होती मला? हॉल रिकामा होता. पण पलीकडे पुलाव निवत होता — हो, पुलावच — आणि मला तिला लवकर वाटेला लावायचं होतं. मी म्हणालो, “सांगितलं तर! साहेब म्हणाले, निवडणूक झाली की दारं बसवून देतो. माझा शब्द आहे, म्हणाले.”

तो शब्द घेऊन ती घरोघर फिरली. चाळीने आम्हाला मतं दिली. दारं आली नाहीत. मग नळावरच्या बायकांनी तिला साहेबीण करून टाकलं. “काय साहेबीण, दारं कुठवर आली? शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकली काय?” हे मला तिच्या सुनेने ऐकवलं. आणि ती काय म्हणायची, तेही. म्हणायची, “दिनू माझ्या ताटातला आहे. खोटं नाही बोलायचा.”

पुढच्या खेपेला आम्ही आपटलो. ठाण्याला, थंडगार हॉलमध्ये, चिंतन बैठक. विषय — सामान्य माणसापासून आपण का तुटलो? ज्यांनी मोहने गाडीच्या काचेतूनही पाहिलेलं नाही, त्यांनी मोहन्याचं मन उलगडून दाखवलं. कुणी मतदारालाच कृतघ्न ठरवलं. मीही बोललो. घसा दाटून वगैरे. टाळ्या पडल्या, साहेबांनी पाठ थोपटली, म्हणाले, तुमच्यासारखी जमिनीवरची माणसं हवीत. मी मान लववली. कडी घालणारा हात छातीवर ठेवून.

परवा पुतणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मोहन्याला गेलेलो. रंजनाताई पत्रा धरून उभी होती. आत नात असणार. मला पाहून तिने पत्रा न सोडताच हाक मारली.

“दिनू, साहेबांच्या डोक्यातून गेलं असेल रे. त्यांना काय कमी व्याप असतात? तू एकदा आठवण कर.”

आठवण करून देण्यासारखं साहेबांकडे काही नव्हतंच.

“करतो,” मी म्हणालो, आणि स्कूटर वळवली.