दादांची छाती आणि माझा ओटा

आमचे दादा वर्षभरात जेवढं बोलतात, तेवढं मी आंघोळीचं पाणी तापेपर्यंत बोलून टाकतो. जामखेडच्या अलीकडच्या आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आम्हा दोघा भावांची घरं शेजारी-शेजारी, मधे एक भिंत आणि समोर दोन ओटे. संध्याकाळी माणसं जमायची ती माझ्या ओट्यावर. चाळीस वर्षं मी तिथं गोष्टी सांगत आलो. माझ्या बिबट्याच्या गोष्टीनं तर पलीकडच्या वस्तीवरच्या शेळ्यांचं दूध आटलं होतं.

मग पंच्याहत्तराव्या वर्षी दादांची नगरला बायपास झाली. दहा-बारा दिवसांनी ते घरी आले आणि माझा ओटा ओस पडला.

माणसं माझ्या नाकासमोरून शहाळी नि बिस्किटचे पुडे घेऊन पलीकडं जायची. दादा तिथंही बोलायचे नाहीत. नुसती सदऱ्याची वरची बटणं सोडायचे. गळ्याखालून पार खालपर्यंत सरळ शिवण. बघणारा मटकन खाली बसायचा. माझ्या एकाही गोष्टीला आजवर कुणी असं मटकन बसलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मनगटातून नळी सारून माझ्याही हृदयात स्प्रिंग घातलीय. त्याचं गावाला विस्मरण झालं असेल म्हणून एकदा मी मनगट पुढं केलं. आमचा गिरणीवाला, माझा सगळ्यात जुना श्रोता, चष्मा वर करून बघत म्हणाला, "धाकले, ह्ये तर डास चावल्यावानी दिसतंय. थोरल्यांचं बघा, कसं पोतं शिवल्यावानी हाय."

त्या दिवशी मला भाकर गोड लागली नाही.

पण देव माझ्याच बाजूचा. डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं होतं: दीड महिना भेटायला गर्दी नको, रोज थोडं चालायचं, नळीतून श्वास ओढून प्लास्टिकच्या डबीतल्या तीन गोळ्या वर उचलायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गराड्यात दादांची एकही गोळी हलत नव्हती. वहिनी रडकुंडीला आल्या. "भाऊजी, इचारपूस कराया आलेल्या मानसाला दारातनं परत कसं लावायचं? शोभतं का ते?"

"परत कशाला लावता, वहिनी? माझ्याकडं लावा."

दुसऱ्या दिवसापासून मी तोंडाला मास्क बांधून ओट्यावर बसलो. येईल त्याला म्हणायचो, "दादा आत गोळ्या उचलतायत. बसा, ऑपरेशन मी सांगतो." आणि असं सांगितलं, की खुद्द सर्जननं वही घेऊन बसावं. नऊ डॉक्टर. दादांचं हृदय बाहेर काढून स्टीलच्या परातीत ठेवलेलं. ते तिथंही असं उडत होतं, की परात टणाटणा वाजायची आणि खालच्या मजल्यावरचे पेशंट जेवणाची घंटा झाली म्हणून ताटं घेऊन उठायचे. आठवड्याभरात ओटा भरला. शेजारच्या गावातून टेम्पो भरून माणसं आली. टेम्पोत खरं तर कांदा होता, माणसं दोनच होती, पण ती आली.

एक गोष्ट मात्र डाचत राहिली. गोष्ट संपली की जो तो माझ्या खांद्यावरून दादांच्या दाराकडं बघून विचारायचा, "पन आता कसं हाय त्यांस्नी?" कान माझ्याकडं, जीव तिकडं.

आणि एका संध्याकाळी, परात ऐन वाजत असताना, दादा छातीशी उशी धरून चालत बाहेर आले. फेरी मारून सरळ माझ्या ओट्यावर, माणसांत येऊन टेकले. गिरणीवाल्यानं डाव साधला. "थोरले, परातीचं खरं का ओ?"

 या माणसानं बाजारात स्वतःच्या बैलाची खोड आपण होऊन सांगितलेली. आता यांनी नुसती आडवी मान हलवली असती, तरी माझी चाळीस वर्षं उकिरड्यावर.

दादांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "मला भूल दिल्ती. ह्यो बाहीर बसला हुता. ह्यालाच ठावं."

बाहेर मी कसा बसलो होतो, ते मी गावाला सांगितलेलं नाही. दादांच्या चपला मांडीवर घेऊन, सहा तास, तोंडातून शब्द न काढता. नर्सनं दोनदा विचारलं, बाबा, तुम्हाला बोलता येतं ना.

गावाला यातलं काय माहीत? ओटा तर असा हसला, की लिंबावरचे कावळे उडाले. दादाही हसले. हसताना खोकला आला तशी उशी छातीशी दाबली, मी वरून हात दाबला. हात दाबताना मनात काय, तर हेच: माझ्या अख्ख्या परातीला एवढं हसू आलं नव्हतं, ते या माणसानं तीन वाक्यांत काढलं, तेही एक शब्द खोटा न बोलता.

दुसऱ्या दिवशी मी माझी खुर्ची उचलून त्यांच्या ओट्यावर नेली. वहिनींना वाटलं, भावाची माया. वाटू दे. पुढचं वाक्य ते वर्षाभरानं का होईना टाकणार, आणि ते गिरणीवाल्याच्या आधी माझ्या कानावर पडलं पाहिजे.