यान्बूतलं हंगेरीचं जेवण आणि मी ओतून दिलेली बाटली

साडेतीनशे किलोमीटर गाडीत बसवून माणसाला जेवायला नेतात आणि कुणाकडे, कशाला, हे अर्ध्या रस्त्यात सांगतात. आधी सांगितलं असतं तर मी गाडीत बसलेच नसते, हे माझ्या मुलाला, नासिरला, पक्कं ठाऊक होतं. असो. सलाम घ्या. मी दापोलीकडची, चौथी शिकलेली. जेद्दात अल अझीझियाला मुलाकडे राहते. नातीने मोबाईलमध्ये लिहायची जागा करून दिलीये, तिथे बोटाने टोचत बसते.

तर झालं असं, की त्याच नातीला, सनाला, डॉक्टरकीसाठी हंगेरीत जागा मिळाली. घरातले सगळे हो म्हणाले, मी अडून बसले. तिथले लोक डुक्कर खातात, जेवताना वाईन पितात. पोरीने सहा वर्षं काय अंडी उकडून खायची? नासिर म्हणतो, "अम्मी, तू हो म्हणालीस तरच पाठवतो." म्हणजे नाही म्हटलं तर नात तोंड बघणार नाही आणि हो म्हटलं नि तिचे हाल झाले तर तेही माझ्याच डोक्यावर.

पहाटेची फजर पढून निघालो. यान्बूपर्यंत साडेतीन तास लागतात. रस्ता चांगला, बघायला काही नाही. किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीजवळच्या पंपावर थांबा, तिथला संडास स्वच्छ आहे. पुढच्यांबद्दल मी बोलत नाही. चहा दोन रियाल, गोड मिट्ट. तो हातात देऊन नासिरने तोंड उघडलं. यान्बूच्या एका कारखान्यात तो मशीनचे भाग पुरवतो, तिथला इंजिनिअर हंगेरीचा. त्याची बायको इलोना आज आपल्यासाठी रांधणार.

"हराम निघालं तर?"

मागच्या सीटवरून सना म्हणाली, "दादी, रिलॅक्स. सब हलाल है, मैंने पूछा है."

"तू विचारलंस. मी बघेन."

इलोना पन्नाशीची, दंडाने मजबूत. अंगणात लोखंडी तिपाईला टोप टांगून खाली लाकडं पेटवलेली. मी खुर्ची ओढून टोपाशेजारीच बसले. तिने ढीगभर कांदा तेलात परतला, मग टोप आगीवरून उतरवला आणि तेव्हा कुठे लाल पाप्रिका घातली. ही त्यांची मिरची, रंगाला भडक, तिखटाला मवाळ. चुलीवर असताना घातली तर करपून कडू होते. माझ्या सुनेला हे वीस वर्षांत कळलेलं नाही. पाप्रिकेवर पाणी, पाण्यात बाजारातून आणलेला हामूर, इथला समुद्रातला मासा. तिच्या देशात गोड्या पाण्यातला मासा घालतात.

"घरी पण तेलच घालता?" मी विचारलं. सनाने इंग्रजीत सांगितलं.

इलोना माझ्याकडे बघून म्हणाली, "नाही. घरी डुकराची चरबी. हा टोप मात्र इथेच घेतलेला, नवा."

लपवलं नाही बाईने. मला बरं वाटलं.

हात धुवायला आत गेले तर ओट्यावर लांब मानेची बाटली, बूच लावलेली, आत गडद लाल. हिने इथे वाईन ठेवलीये! कुणी बघितलं तर नासिरचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, गेला, धंदा खलास. बूच दाताने काढलं आणि अख्खी बाटली सिंकमध्ये ओतली. वर पाणी सोडलं.

मागे इलोना उभी होती. तिने रिकामी बाटली उचलली, वास घेतला, सनाला हळू काहीतरी म्हणाली.

"दादी," सनाचा चेहरा उतरला होता, "ये चेरी का जूस था. त्यांच्या आईने उकळून दिलेला. लास्ट बॉटल."

माफी मागणं मला जमत नाही. पिशवीतून कोकमाच्या आगळाची बाटली काढली. ती नेहमी बरोबर असते. पाण्यात आगळ, थोडी साखर, मिठाची गरज नाही. पेला इलोनापुढे ठेवला आणि सनाला म्हटलं, "सांग, चुकले मी."

इलोनाने माशाचा रस्सा तोंडात घेतला, वर कोकम. थांबली. पुन्हा घेतलं. मग हसून टेबलावर थाप मारली. तिच्याकडे प्रत्येक पदार्थाची वाईन ठरलेली. या रश्शाबरोबर आंबट लाल. ती नाही म्हणून चेरी आणली होती, आणि माझं आगळ तेच काम करतं. मटणाबरोबर तिने डाळिंबाचा रस दिला, अक्रोडाच्या पोळीबरोबर जर्दाळूचा. ती पोळी खरी खसखशीची, पण खसखशीला या देशात बंदी. दोघींनी मिळून उसासा टाकला. आम्ही मटणावर सोलकढी पितो ते सांगितलं, तर तिने कागदावर लिहून घेतलं. सनालाही तिने आपल्या भाषेतले तीन शब्द लिहायला लावले: चरबी, डुक्कर, वाईन. दुकानात, खानावळीत आधी हे विचारायचं. वर तिकडे हंगेरीत असलेल्या स्वतःच्या बहिणीचा नंबर दिला.

"यल्ला, निघू," नासिर म्हणाला. निघताना मी आगळाची बाटली तिथेच ठेवली.

परतीला त्याच पंपावर चहा घेतला. सनाकडे बघून मी म्हटलं, "जा. पण आधी माझ्याकडून भात शिकून जा, तुझा चिकट होतो." पोरगी पार्किंगमध्येच रडायला लागली. मला मात्र कितीतरी दिवसांनी चहाला चव लागली.

आता घरी येऊन आठवडा झाला. तिच्या बॅगेत आगळाच्या चार बाटल्या जाणार आहेत. तिकडच्या थंडीत आगळ गोठतं का? ज्यांच्या मुली तिथे शिकतात त्या आयांनीच उत्तर द्यायचं. बाप्यांनी मध्ये बोलू नये.