पानावरून उठायचं नाही

माझ्या मोठ्या नणंदेइतकी तापट बाई अख्ख्या रायपुरात दुसरी झाली नाही, आणि पंचाईत अशी की त्यांचा एकही राग खोटा नसायचा. एका मोठ्या दवाखान्यात त्या वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टर. बुढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरून निघाल्या की आधी रिक्षावाल्याला विचारायच्या, "खाना खाया क्या, भैया?" तो नाही म्हणाला की रिक्षातून उतरून त्यालाच झापायच्या. एकदा भाचीच्या लग्नासाठी साडी घ्यायला आम्ही पंडरीच्या कापडबाजारात गेलो. दुकानातली पोरगी दिवसभर उभी असते हे कळल्यावर ताईंनी साड्यांकडे पाठच फिरवली. "हिले पहिले स्टूल द्या, मग मी तुमची साडी पाहीन!" मालकानं स्टूल दिलं, साडी मात्र दाखवली नाही. लग्नात मी जुनीच नेसले.

आमच्याकडे जेवत्या माणसाला पानावरून उठवत नाहीत. ही घरची रीत ताईंनी वॉर्डात नेली, त्याला कारण घडलं होतं. एक नवी सिस्टर सलाईन लावता लावता पेशंटच्याच पलंगावर कोसळली. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. आणि दवाखान्यानं काय करावं? तिला मेमो दिला! भोवळ आल्याबद्दल मेमो! तेव्हापासून वॉर्डामागच्या लहानशा खोलीत ताईंनी सतरंजी अंथरली. सिस्टर असो की आया, दोघी-दोघींनी बसायचं, त्यांचे पेशंट तेवढा वेळ बाकीच्यांनी वाटून घ्यायचे, आणि दारात ताई स्वतः उभ्या. कुणी डॉक्टर हाका मारत आला तर म्हणायच्या, "ती पानावर आहे, साहेब. काम मले सांगा." आणि ते काम पोरीपेक्षा लवकर करून द्यायच्या, त्यामुळे त्याला चिडताही यायचं नाही.

मग रायपूर नव्या छत्तीसगडची राजधानी झालं. दवाखान्यात मोठ्या लोकांची रीघ लागली, आणि मोठी माणसं बसवायला दवाखान्याच्या साहेबांना नेमकी तीच खोली दिसली. सोफा आला, प्लास्टिकची फुलं आली, सतरंजी जिन्याखाली गेली. पोरी पुन्हा औषधांच्या कपाटाआड उभ्यानं घास कोंबू लागल्या. वर कहर म्हणजे कर्मचाऱ्यांनी तणावमुक्त कसं राहावं यावर व्याख्यान ठरलं, त्याच खोलीत, ऐन जेवणाच्या वेळेला, हजेरी सक्तीची, उद्घाटनाला मंत्री! उपाशी माणसाला हसत राहायला शिकवणार म्हणे! ऐकून माझंच डोकं सणकलं. ताई मात्र गप्प होत्या, तेव्हाच मी ओळखलं की आता काही खरं नाही.

त्या दिवशी त्यांनी पहाटे उठून मोठा डबा भरून झुणका केला. व्याख्यानाआधी सोफा भिंतीला ढकलला, सतरंजी अंथरली, पोरींना बसवलं आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. मंत्री आले. मागून साहेब हातवारे करून पोरींना उठा उठा सांगत होते. एक पोरगी घाबरून अर्धवट उठली, तशा ताई कडाडल्या, "काहून उठून राहिली? बस खाली!" मग मंत्र्यांना हात जोडून म्हणाल्या, "साब, बच्चियाँ खाने बैठी हैं. हमारे यहाँ थाली पर से नहीं उठाते." साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. मंत्री खेड्यातला माणूस. "हव दीदी, खावन दे," असं छत्तीसगडीत म्हणाला आणि बाहेर पेशंटच्या नातेवाइकांच्या बाकावर जाऊन बसला.

त्यानंतर सोफा हलवायला कुणाला सांगावं लागलं नाही. खोली पोरींना परत मिळाली आणि पुढच्याच महिन्यात ताईंना रायपूरबाहेर अभनपूरची बदली मिळाली. कारण काय, तर प्रशासकीय! मी चांगली आठवडाभर शिव्या घालत होते. ताई म्हणाल्या, "जाऊ दे वहिनी, पोट्ट्या जेवून राहिल्या ना?" पुढे रिटायर होईपर्यंत त्या बसनं जात-येत राहिल्या.

आता त्या दुपारी घरीच असतात. जेवताना कुठे काही वाजलं की पहिल्या घासालाच उठतात. परवा मी न राहवून विचारलं, "ताई, दवाखान्यात तुम्ही कधी जेवायच्या?"

त्या माझ्यावरच उखडल्या. "मी बसली असती तर दारात कोण उभं राहिलं असतं?"

इतक्या जणींना बसवलं या बाईनं, पण हिला बस म्हणणारं कुणी निघू नये? राग कुणाचा करावा तेही कळेना, माझे डोळे मात्र भरून आले. काल पुन्हा घंटी वाजली. ताईंनी उठायला हात टेकला.

"बसा! काहून उठून राहिल्या? पानावर आहात तुम्ही." मीच दारात गेले. कुरिअरवाल्याला ताईंची सही हवी होती. "रुको भैया," मी म्हटलं, "दीदी खाना खा रही हैं." तो कुरकुरला, मी हलले नाही.

बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "वहिनी, थोडा भात आहे का अजून?"