वनदेवीचं हूड

शिवणवर्गात किस्से आणि चिंध्या सारख्याच साठतात. रोज झाडून काढा, तरी मशीनखाली ढीग असतोच! चिंध्यांची निदान गोधडी होते. किश्शांचं काय करायचं? कुणी ऐकणारं भेटलं की सांगत सुटायचं. आता तुम्ही भेटलात.

आपलं वऱ्हाड मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलं, त्याच्या आगेमागेची गोष्ट. वाशीमला एका आडत्याच्या रिकाम्या गोदामात आमचा वर्ग भरायचा. चालवायच्या दुर्गाबाई. तरुणपणी नवरा गेला, त्यानंतर पायमशीन शिकलेल्या. बाकी आम्ही बायका. कुणी विधवा, कुणी टाकलेली, कुणी माझ्यासारखी लग्न जमत नाही म्हणून घरच्यांनी गुंतवून ठेवलेली. दुर्गाबाई म्हणायच्या, "इथं सुखाची बाई एकच, ती म्हणजे मशीन. तिले तेल तरी भेटते!"

*

एक दिवस बदलून आलेल्या मोठ्या साहेबांची बायको वर्गात आली. आम्ही तिला साहेबीणबाई म्हणायचो. तिच्या हातात विलायती पाकीट. त्यावर एका मडमेचं चित्र. पायघोळ झगा आणि डोक्यावर त्यालाच जोडलेली टोपी. आत पातळ कागदाचे पॅटर्न.

"आमची बेबी शाळेच्या गॅदरिंगमध्ये वनदेवी होणार आहे. मला अस्सा झगा हवा. या टोपीला हूड म्हणतात."

आमच्या चंद्रभागाकाकू सगळ्यांत वडील. त्या हळूच म्हणाल्या, "हूड तं आमचा नातू हाय. डोक्यावरच बसते!"

साहेबीणबाई हसली नाही. जाताना म्हणाली, "झगा चांगला झाला, तर तुमच्या वर्गाला कायमची जागा मिळेल असं बघते."

आमचं हसू तिथंच संपलं. कारण कापसाचा हंगाम आला की आडत्या गोदाम परत मागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

*

पॅटर्नवरचं सगळं इंग्रजीत. दुर्गाबाईंनी कोर्टाबाहेर बसणाऱ्या एका अर्जनवीसाला बोलावलं. त्यानं चष्मा पुसला, टोपीच्या कागदावरची अक्षरं वाचली आणि निकाल दिल्यासारखं म्हणाला, "कट टू. म्हणजे, दोन तुकडे करा. आदेश स्वच्छ आहे!"

कात्री मथुरेच्या हातात होती. मथुरा अनसिंगची. नवऱ्यानं मारून घराबाहेर काढलेली, भावाकडे राहणारी. भावानं बजावलं होतं, "शिवणं शिकून कमावलं तं राह्य, नाई तं सासरचा रस्ता धर." त्यामुळे सांगितलेलं काम ती तत्काळ करायची. तिनं तत्काळ कागदाचे दोन तुकडे केले.

कापडाचे दोन तुकडे कापायचे होते, हे पाकिटावरचं चित्र बघून दुर्गाबाईंच्या ध्यानात आलं. पण तोवर कागद गेला होता! मग खळ लावून तो जोडला. ओल्या खळीनं कागद फुगला, सरकला आणि मूळ मापाहून चांगलाच मोठा झाला. आधीच माप मडमेचं. बाकी झगा आम्ही बेबीच्या अंगाचा बेतला, पण त्या चिकटवलेल्या कागदाला पुन्हा कात्री लावायची कुणाची छाती होईना.

अर्जनवीस जाताना म्हणाला, "आणखी काही वाचायचं असल्यास बोलवा."

काकू म्हणाल्या, "नको भाऊ. आता वाचण्यासारखं काही उरलं नाई!"

*

कापड होतं हिरव्या मखमलीचं. साहेबीणबाईनं नेमकं मोजून दिलेलं. आमच्यापैकी कुणी जन्मात मखमल कापली नव्हती. कापड पुरावं म्हणून आम्ही झग्याची एक बाजू वरून खाली आणि दुसरी खालून वर अशी मांडली. शिलाई अशी सरळ की दुर्गाबाईंनी मथुरेच्या पाठीवर हात फिरवला.

मग झगा दारातल्या उजेडात धरला. डावीकडून गडद हिरवा आणि उजवीकडून फिका, पांढुरका! मखमलीची लव एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली. जणू दोन वेगळ्या ताग्यांचं कापड.

मथुरेला आधी कळलंच नाही. "बाई, मी तं एकच कापड घेतलं होतं..." असं ती म्हणत राहिली. दोन्ही बाजूंना हात फिरवून बघत राहिली.

दुर्गाबाई मशीनवर डोकं टेकून बसल्या. म्हणाल्या, "शिवण उसवता येते, पोरीहो. कापलेलं कायनं जोडावं?"

*

झगा घालून बघायला बेबी आली. हूड डोक्यावर चढवलं, ते थेट हनुवटीपर्यंत आलं. आतून आवाज आला, "आई, दिवस मावळला?"

पोरगी दोन पावलं चालली आणि मशीनला धडकली. काकूंना फस्सकन हसू आलं, मलाही आलं. मथुरा मात्र भिंतीला टेकून उभी होती, पदर तोंडात कोंबून.

साहेबीणबाई रागावली नाही, हे सगळ्यांत वाईट. तिनं बेबीच्या अंगातून झगा काढला, नीट घडी केली आणि म्हणाली, "ठीक आहे. प्रयत्न केलात."

जागेचा विषयच नाही. ती गेल्यावर दुर्गाबाई म्हणाल्या, "शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं. शिव्या देणारं माणूस पुन्हा येते."

*

गॅदरिंगला आम्ही मागच्या रांगेत बसलो. पडदा वर गेला. वनदेवी आली ती आईच्या हिरव्या शालूत! साधा काष्टा आणि केसांत पानं. झगा नाही, हूड नाही. अशी गोड दिसली की टाळ्या थांबेनात.

काकू टाळ्या वाजवता वाजवता म्हणाल्या, "शालूतच शोभून राह्यली पोरगी. मंग कायले मारलं आमाले?"

*

हंगाम आला. आडत्याचा माणूस सरकीची पोती ठेवायला जागा बघून गेला. वर्गातल्या बायका एकेक करून गळाल्या. काकूही सुनेच्या बाळंतपणाला धनजला गेल्या, त्या तिकडच्याच झाल्या. शेवटी दुर्गाबाई, मथुरा आणि मी. जागा सोडायच्या दिवशी आम्ही सामान बांधत होतो. मथुरा उरलेला एक परकर शिवत होती.

तेवढ्यात दारात एक गडी उभा. पांढरं धोतर, नवी टोपी. मथुरेनं मान वर केली आणि तिचं पायडल थांबलं. मला समजलं, हा नवरा.

"मशीन शिकली म्हन्ते," तो म्हणाला. "तुया भावानंच सांगितलं. घरी चाल. गावात शिवणाऱ्या बाईले लय काम हाय."

दुर्गाबाई पुढे झाल्या. "मारून काढली होती न तिले? आता काहून आला?"

"बायको हाय मायी. तुमचं गोदाम तं बंद होऊन राह्यलं. ठेवता कुठं तिले?"

दुर्गाबाईंनी हातातलं गाठोडं खाली ठेवलं.  त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर उद्या कोणतं छप्पर, ते त्यांना माहीत नव्हतं.

मथुरा उठली. गळ्यातली टेप काढली आणि त्याच्यासमोर जाऊन म्हणाली, "सरळ उभा राह्य."

गडी खुशीत आला. आमच्याकडे बघून मिशीत हसला. बायको सदरा शिवणार! त्यानं टोपी सारखी केली, छाती फुगवली. तिनं खांदा मोजला. "हात वर कर." त्यानं दोन्ही हात वर केले. तिनं छाती मोजली, गळा मोजला, मग टेप खाली सोडून डोक्यापासून टाचेपर्यंत सगळा गडी मोजला. घाई नाही. दुर्गाबाई आणि मी सामान बांधायचं सोडून बघत होतो.

मग तिनं टेप गुंडाळली, मशीनवर जाऊन बसली आणि परकराची शिलाई पुढे चालू केली.

त्याचे हात अजून वरच.

"आन् कापड?" त्यानं विचारलं.

"कापड नाई," मथुरा मान वर न करता म्हणाली. "तुयं माप तेवढं घ्यायचं होतं. झालं. जाय आता."