विचारायला जैसलमेरपर्यंत

बाबांना त्यांच्या गावाहून, सिंदीहून, गाडीने जैसलमेरला घेऊन चालले ते किल्ले पाहायला, असं मी सगळ्यांना सांगितलं. खोटं होतं. मला बाबांना विचारायचं होतं, की आता वांग्याची वाडी सोडा आणि वर्ध्याला माझ्याकडे राहायला या. आई गेल्यापासून ते एकटेच. उन्हाळ्यात वाडीत चक्कर येऊन पडले, तर दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. घरी विषय काढला की ते विहिरीवरची मोटार सुरू करायला उठून जायचे. चालत्या गाडीतून कुठे उठून जाणार, म्हटलं!

कशाचं काय. चित्तोड झालं, जोधपूर झालं, माझ्या तोंडातून शब्द फुटेना. स्टिअरिंगवर बोटं आपटत मी सारखी घड्याळ बघायची. बाबांना घाई नाही. नक्षी राहिली बाजूला, हे आपले विहिरीत वाकून पाणी किती खोल ते पाहत.

"बाबा, वर चला ना, महाल पाहू."

"जाय तू. मी पाहून राह्यलो ना."

मी चिडायची, मग चिडले म्हणून स्वतःवरच चिडायची.

जैसलमेरजवळ कुलधरा आहे. अख्खं गाव एकाएकी उठून गेलं म्हणतात. छपरं नाहीत, नुसत्या पिवळ्या दगडांच्या भिंती. बाबा एका घरात शिरून चूल कुठे होती, कणगी कुठे होती, ते शोधू लागले.

"जातानी बियाणं नेलं असंन ना व यायनं?"

"मला काय माहीत! चला, ऊन झालं."

ते उंबऱ्यावरच बसले. "तुले जे विचाराचं हाय ते विचार ना माय. चार दिवसांपासून वाट पाहून राह्यलो."

मग एका दमात सगळं बोलून टाकलं, अगदी खोलीला रंग दिलाय इथपर्यंत.

"येतो," ते म्हणाले. "पण वांग्याचं बी तू घेजो."

आमच्या घरी वांग्याचं चांगलं फळ झाडावरच पिवळं होऊ देतात आणि बी राखेत घोळून ठेवतात. ते बी घराबाहेर जात नाही. लग्न झालेल्या लेकीलाही देत नाहीत. मी मागे हट्ट केला होता, तेव्हाही दिलं नव्हतं.

"माझ्याकडे गॅलरीत चार कुंड्या आहेत, बाबा."

"मंग त्यात लाव."

मला हवं ते मिळालं होतं, पण बी घराबाहेर निघालं म्हणजे वाडी संपली. 'नका येऊ' हे ओठांवर आलं. ते मी गिळलं आणि त्यांना उठायला हात दिला.