उकळलेलं तळ्याचं पाणी

पाणी हिरवंगार होऊन नासलं असतं तर लोक आपणच लांब राहिले असते. पण मिशिगनमधल्या त्या तळ्यात घुसलेली जात लबाड. निळ्या-हिरव्या जिवाणूंची ही बारीक सुतं मूळची उष्ण प्रदेशातली, वर साय धरत नाहीत, नुसत्या डोळ्यांनी कळतच नाहीत. मी दर सोमवारी पाण्याच्या बाटल्या भरून न्यायचे आणि मायक्रोस्कोपखाली मोजायचे. पीएचडीचं कामच ते. त्या उन्हाळ्यात तळ्यातलं नेहमीचं सूक्ष्म शेवाळ हटत गेलं आणि ही सुतं माजली. मग पाण्यात त्यांचं विषही सापडलं.

मी तळ्याकाठच्या घरमालकांच्या कमिटीला लगेच मेल केली, की बोर्ड लावा. अध्यक्षांचं उत्तर आलं, "ऐन सीझनमध्ये लोकांना घाबरवू नका. मीटिंगपर्यंत कुणाशी बोलू नका." माझे गाईड म्हणाले, "थांब यार, रिलेशन्स बिघडतील." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण गप्प बसले.

पुढच्या शनिवारी काकूंकडे गेले. काकू नागपूरच्या, निवृत्त डॉक्टर. तळ्याकाठी त्यांचं उन्हाळ्यातलं घर, आणि नळाला तळ्याचंच पाणी. प्यायला विकतचे कॅन आणत, ते संपले होते. गॅसवर पातेलं होतं आणि काकू त्यातलंच निवलेलं पाणी घेऊन नातवाच्या बाटलीत दुधाची पावडर ढवळत होत्या. नातू सहा महिन्यांचा.

"काकू, ते देऊ नका त्याला."

"अगं, चांगलं वीस मिनिटं उकळलंय. मी डॉक्टर आहे."

उकळलं की पाणी चांगलं, हे आपल्या घराघरात पक्कं मुरलंय. मी समजावून सांगितलं. उकळून जिवाणू मरतात, पण विष जात नाही. उलट मेलेल्या पेशींतून पाण्यात उतरतं.

काकूंनी बाटली सिंकमध्ये ओतली.

"परवापासून हेच पाजतेय मी त्याला," त्या म्हणाल्या. "तुला कधी कळलं हे?"

"गेल्या आठवड्यातल्या शुक्रवारी. पण कमिटीने..."

त्यांनी बाळाला उचललं आणि गाडीची चावी माझ्या हातात कोंबली.

"कमिटीचं मला सांगू नकोस. सोमवारी माझ्याच ओट्याशी बसून पोहे खाल्लेस तू."